भट्टीत टाकलेलं मीठ

भट्टी पेटवण्याआधी आई तिच्याभोवती एक फेरी मारायची. मुठीत खडेमीठ, मोहरी आणि दोन वाळल्या मिरच्या. फेरी पुरी झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, भट्टीच्या पहिल्या तोंडात जाळ धरायचे आणि आई ती मूठ आत टाकायची. मीठ तडतडायचं. जितकं जास्त तडतडलं तितकी जास्त दृष्ट लागली होती, असं ती म्हणायची. लहानपणापासून मी हे पाहत आले होते आणि त्याबद्दल कधी विचार केला नव्हता. लोक बाळाची दृष्ट काढतात, आमच्याकडे विटांची काढत, एवढंच.

पुढे याच मिठावरून गावात जे झालं, त्यात मी बोलले. काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. ते बरोबर होतं की चूक, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.

आमचं गाव औशाजवळचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याआधी जिल्ह्याला जायचं म्हणजे उस्मानाबादला. आता लातुरात ऑफिसं, क्वार्टर, जिकडे पाहावं तिकडे बांधकाम चाललेलं. पूर्वी अण्णांच्या भट्टीतून गावातल्याच घरांपुरत्या विटा निघत. जिल्हा झाला आणि लातूरच्या कंत्राटदाराचा ट्रक थेट भट्टीपर्यंत यायला लागला. नांदेडला मामाकडे राहून मी बी.एस्सी. करत होते ते त्या ट्रकच्या भरवशावर. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. खरं तर दहावीपर्यंतही कुणी गेलं नव्हतं.

पण जिल्हा झाल्यावरच्या दोन वर्षांत पाऊस कमी झाला. विहिरींचे तळ दिसायला लागले. गावात सगळी माणसं पावसाची वाट पाहणारी, आणि आमचं एक घर पाऊस थोडा थांबला तर बरं असं म्हणणारं. कच्च्या विटेवर पाऊस पडला की तिचा पुन्हा चिखल होतो. अण्णा हे मोठ्यानं कधी बोलत नसत. तरी ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी उन्हाळा लागण्याआधी कॉलेजात आमच्या फिजिक्सच्या सरांनी एक प्रयोग दाखवला. पत्र्याचा दुहेरी भिंतीचा उंच डबा होता. दोन भिंतींच्या मधल्या फटीत त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून आणलेला बर्फ फोडून भरला आणि त्यात भरपूर मीठ कालवलं. डब्याच्या आतून काळं कापड लावलेलं. थोड्या वेळानं थर्मामीटरचा पारा शून्याच्या बराच खाली गेला. मग सरांनी डब्यात तोंडानं हाऽ केलं आणि बॅटरीचा उजेड आत सोडला. आत धुकं तरंगताना दिसलं.

"हा ढग," सर म्हणाले. "आता सांगा, हे थेंब पाण्याचे की बर्फाचे?"

आम्ही सगळ्यांनी बर्फाचे म्हणून सांगितलं. शून्याच्या खाली म्हटल्यावर दुसरं काय असणार?

"पाण्याचेच आहेत. शून्याखाली गेले म्हणून लगेच गोठत नाहीत. गोठायला त्यांना कशाचा तरी कण लागतो. तो मिळाला नाही तर कितीतरी वेळ तसेच राहतात."

मग त्यांनी चांदीपासून केलेलं एक रसायन तारेच्या टोकाला लावून ज्योतीवर धरलं आणि त्याचा इवलासा धूर डब्यात सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग उजेडाच्या पट्ट्यात एक ठिणगी चमकली, मग दहा, मग मोजता येईनात इतक्या. बर्फाचे बारीक कण हळूहळू फिरत खाली उतरत होते. मी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो गारीगारवाल्याच्या पेटीत. असा नव्हता पाहिला.

सरांनी सांगितलं की उंच ढगांचा वरचा भाग असाच थंड असतो, आपल्याकडे भर उन्हाळ्यातसुद्धा. तिथं बर्फ धरला तर पुष्कळदा पाऊस होतो. मातीचे काही कण हे काम करतात. आणि माणूस जे हवेत सोडतो, गाड्यांचा, चिमण्यांचा, कारखान्यांचा धूर, त्यातलेही कण वर जातात.

मी हात वर केला. वर्गात मी सहसा हात वर करत नसे.

"सर, वीटभट्टीचा धूर?"

मागच्या बाकावरची मुलं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "कोणता धूर काय करतो, हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. तुझ्याकडे भट्टी आहे का? मग घेऊन ये. बघू."

होळीला गावी गेले तेव्हा पावडरच्या दोन रिकाम्या डब्यांत मी भट्टीची काजळी आणि भाजलेल्या विटेचा भुगा भरून आणला. आई म्हणाली, "हे काय करून राहिलीस? राख घेऊन कालेजात जातेत का कुणी?" एका शनिवारी दुपारी सरांनी पुन्हा डबा थंड केला. काजळी टाकली, काही झालं नाही. सर म्हणाले, काजळीचं बहुतेक असंच होतं, फार फार थंडी लागते. मग विटेचा भुगा फुंकला. चमकलं! चार-पाच ठिकाणी चमकलं. मी जवळजवळ ओरडलेच. सरांनी डब्याच्या काठावर बोट फिरवून मला दाखवलं. काठाला दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, धरलं होतं. भुगा टाकताना माझा हात काठाला लागला होता.

"हे भुग्यानं झालं, की हे दहिवर आत सांडलं?"

आम्ही पुन्हा करून पाहिलं. एकदा चमकलं, एकदा नाही. तोवर बर्फ वितळला होता.

निघताना मी विचारलं, "सर, म्हणजे भट्टीच्या धुरानं पाऊस वाढतो की कमी होतो?"

"दोन्ही होऊ शकतं. थोडे कण असले तर मदत होईल. फार झाले तर ढगातलं तेवढंच पाणी सगळ्यांत वाटलं जाणार. खाणारी तोंडं शंभर आणि भाकरी एक. कुणाचंच पोट भरत नाही, थेंब मोठा होत नाही, खाली येत नाही. शिवाय उंची, वारा, ओल. एका भट्टीचा हिशेब कोण लावणार?" मग सहज म्हणाले, "तसं खालच्या, गोठण्याइतक्या उंच न गेलेल्या ढगांत मिठाची बारीक पूडसुद्धा फवारून पाहतात, विमानानं. त्यानं थेंब मोठे होतील अशी आशा असते."

ते शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं नव्हतं. तरी तेच लक्षात राहिलं.

परीक्षा देऊन गावी आले. मृग निघाला. रोज दुपारी ढग यायचे, काळे व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत पांगून जायचे. मृगाच्या तोंडाला अण्णांची एक भट्टी भाजून झाली होती आणि हंगामातली शेवटची भट्टी रचून तयार होती. सगळ्यात मोठी, लातूरच्या त्याच कंत्राटदारासाठी. ती पेटली आणि विटा विकल्या गेल्या, तर माझं पुढचं वर्ष नांदेडला. नाही पेटली, तर पहिल्या मोठ्या पावसात तिचा ढिगारा होणार. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. आईनं फक्त माझी पेटी आवरायला घेतली नव्हती.

एका सकाळी अण्णांना मारुतीच्या पारावर बोलावणं आलं. आई गेली म्हणून मीही मागोमाग गेले. पारावर पंधरा-वीस माणसं होती. बोलायला सुरुवात आमच्या शेजारच्या मावशीनं केली. तिची पेरणी खोळंबली होती.

"ढग येऊन राहिलेत, न्हाई असं न्हाई. दुपारला कसे काळेभोर असतेत. मागली भट्टी पेटली आन् तवापासून फाटून जाऊ लागलेत. आता आणखी एक रचून ठेवलीय."

गावातलं किराणा दुकान आप्पांचं. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, बोलणं तागडीत तोलल्यासारखं. ते म्हणाले, "भट्टीवाले, पाऊस पडेस्तवर जाळ लावू नका. बाकी कायबी म्हणणं न्हाई."

"आप्पा, पाऊस पडल्यावर मी काय जाळू? कच्ची वीट हाय. चिखल होऊन जाईल."

"बघा!" कुणीतरी म्हणालं. "म्हणजे ह्यांना पाऊस नकोच हाय."

"नकोच की," मावशी म्हणाली. "बायको मीठ टाकून बांधून ठेवती पावसाला. मी ह्या डोळ्यांनी पाह्यलंय, फेरी मारून, मूठ भरून."

आईनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती. दृष्ट काढते, एवढंही ती म्हणाली नाही.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगी नांदेडला शास्त्र शिकून राहिली ना? तिलाच विचारा. काय गं, धुरानं ढग पळतेत का?"

मी उभी राहिले. मी डब्यापासून सुरुवात केली, तीच चूक झाली असेल. म्हटलं, उंच ढगांत वर बर्फ असतो.

सगळे हसले. "ह्या उन्हाळ्यात आभाळात बर्फ? मग गारीगारवाल्याला तिकडंच धाडा, हितं कशाला घंटी वाजवीत फिरतो!"

"हसता काय?" मावशीनंच त्यांना गप्प केलं. "गारा कुठून पडतेत मग? माझी ज्वारी झोडपली ती काय ढेकळांनी? बोल गं तू."

मी बोलले. थेंब थंड असूनही गोठत नाहीत, त्यांना कण लागतो, धुराचे कण कधी मदत करतात आणि कधी जास्त झाले की बिघडवतात.

"म्हणजे पळतेत की न्हाई?" आप्पांनी विचारलं.

सरांनी मला जे सांगितलं होतं त्याचा अर्थ तीनच शब्दांचा होता. सांगता येत नाही. ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर भट्टी तशीच राहिली असती, आणि आई पदर तोंडाला लावूनच घरी गेली असती. मी आईकडे पाहिलं आणि म्हटलं,

"धुराचं मला पक्कं माहीत न्हाई. पण मिठानं पाऊस बांधला जात न्हाई. उलट शास्त्रज्ञ पाऊस पाडायला मीठच वापरतेत."

पारावर टेकलेली माणसं पुढे सरकली.

"मीठ? खायचं मीठ?"

"हाव. बारीक करून."

"आन् वर कसं नेतेत?"

"इमानानं."

आप्पांनी मान वर करून आभाळ पाहिलं. मग म्हणाले, "आपल्याकडं इमान न्हाई. धूर हाय."

मला तेव्हा कळलं की काय होणार आहे. खडेमीठ जळत्या भट्टीत टाकल्यानं त्याची पूड होऊन ढगापर्यंत जात नाही, असं मला वाटत होतं. वाटत होतं, माहीत नव्हतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आप्पा अण्णांना म्हणाले, "लावा भट्टी. मीठ गाव देईल." आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवर जत्रा भरली. आप्पांनी दुकानातलं खडेमिठाचं अख्खं पोतं आणलं. बायका वाटी-वाटी घेऊन आल्या. मावशीनं तर लोणच्यासाठी ठेवलेलं मीठ आणलं आणि आईच्या हातात दिलं. "तूच टाक बाई पहिल्यांदा. तुझ्या हाताला गुण हाय म्हणं, पोरगी म्हणती." काल आपण काय बोललो याची तिला आठवणही नव्हती, किंवा होती आणि हीच तिची माफी होती.

अण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "विटंला मीठ बरं न्हाई, बाई."

"नको म्हणू का मग?"

त्यांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. "आता काय म्हणतीस," म्हणाले आणि जाळ धरायला वाकले.

पोतं संपेपर्यंत मीठ टाकणं चाललं. भट्टीच्या तोंडांतून, वरून, फटींतून. तडतड इतकी झाली की पोरं कानांवर हात ठेवून नाचत होती. धूर सरळ वर गेला आणि पुढे नुसता पसरला.

चौथ्या दिवशी दुपारी भुरभुर आली. अंगणातली धूळ बसेल एवढीच. भट्टीच्या माथ्यावर थेंब पडून चर्र होत होतं आणि गाव ते ऐकायला उभं होतं. मावशी धावत आमच्या घरी आली, माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "पोरी, शिकलीस त्याचं चीज झालं गं!" मीही आभाळाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, झालं असेल का? खरंच झालं असेल? माझ्या शिक्षणाला शोभणार नाही इतकी मला ते खरं असावं अशी इच्छा होत होती.

भट्टी जळून निवली, उघडली. विटा लालभडक निघाल्या. कंत्राटदाराचा मुकादम आला, त्यानं दोन विटा एकमेकींवर आपटल्या. ठणकन आवाज आला. नखानं ओरखडा काढून पाहिला, उमटला नाही. "एक नंबर," म्हणाला. "दोन दिसानं ट्रक धाडतो." आईनं माझी पेटी आवरायला घेतली.

त्याच संध्याकाळी खरा पाऊस झाला. पेरणी होईल असा. गाव शेतात पळालं. भाजलेल्या विटेला पावसाचं भय नसतं, त्यामुळे आम्हीही पहिल्यांदाच निर्धास्तपणे पाऊस बघत बसलो. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. ठरल्याप्रमाणे ट्रक आला तेव्हा मी अण्णांबरोबर भट्टीवर होते. विटांचे लाल ढीग पांढरे झाले होते. वर पीठ चाळल्यासारखे.

मुकादमानं एक वीट उचलली, जिभेला लावली आणि थुंकला. "लोणा. खार फुटलाय. ही वीट लावली तर भिंतीचं प्लास्टर टिकंल का? सायेब मलाच हाकलतील." ट्रक रिकामा परत गेला.

अण्णा कितीतरी वेळ विटेवरची पांढरी पूड अंगठ्यानं पुसत होते. पुसली की खालून लाल दिसायची. मग म्हणाले, "आवंदा विहिरीचं पाणीच खारं झालं व्हतं. माती त्यातच मळली. त्यानंबी झालं असंल."

ते मला धीर देत होते की खरंच तसं होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आजही कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही की त्या विटा गावानं टाकलेल्या मिठानं गेल्या की दुष्काळातल्या पाण्यानं.

विटांचं काय झालं ते सांगायला हवं. आप्पा स्वतः आले, ढिगांभोवती फिरले आणि म्हणाले, "मीठ गावानं टाकलं, विटा गाव घेईल." लिंगायत मठाचं कंपाउंड त्यांनी बांधायला काढलं. कंत्राटदाराइतकं त्यात मिळालं नाही, तरी मी नांदेडला गेले, महिनाभर उशिरानं.

सरांना मी सगळं सांगितलं. आधी ते हसले. मग त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. मीठ टाकण्याच्या आदल्या दिवशी ढग कसे होते? वारा कुठून होता? शेजारच्या गावात पाऊस पडला का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. नंतर घरून पत्र आलं त्यात मी विचारलेल्याचं उत्तर होतं. भुरभुर आली त्या दिवशी शेजारच्या गावातही आली होती. तिथं भट्टी नाही. त्याच्या पलीकडच्या गावात आली नव्हती. तिथंही भट्टी नाही.

पत्र घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं. "आता रोजची वही घाल," एवढंच म्हणाले.

पुढच्या मृगात मी वही घेऊन गावी होते. रोज दुपारी ढग, वारा, धूर कुठल्या बाजूला गेला, असं लिहीत होते. अण्णांनी शेवटची भट्टी रचली. पेटवायच्या सकाळी मी दारात आले तर आप्पा पोतं घेऊन उभे होते, मागे बायका वाट्या घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं.

"यंदाबी पडंल ना गं?" मावशीनं विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत न्हाई," मी म्हटलं.

"काय माहीत न्हाई?"

"मागच्या साली मिठानं पाऊस पडला का, ते मला माहीत न्हाई. तवाबी माहीत नव्हतं. मी अर्धंच सांगितलं. आईला बोललात म्हणून सांगितलं. मीठ टाकू नका, मावशी. विटा जातेत. विटा मिठानंच गेल्या का, तेबी माहीत न्हाई, पण टाकू नका."

"येवढं शिकून माहीत न्हाई?" मावशीचा आवाज चढला. "मग कालेजात करून काय राहिलीस तू?"

मी वही छातीशी धरून उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, पोरगी बिघडली. दुसरं म्हणालं, न्हाई, भट्टीवाल्यानं शिकवून ठेवलीय. आप्पांनी पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि ते वळले. जाता जाता म्हणाले, "मठाची भिंत हिवाळ्यातबी पांढरीच व्हती गं."

बायकाही गेल्या. मावशी सगळ्यात शेवटी गेली, वाटी पदराखाली झाकून.

अण्णांनी जाळ पेटवला. आईनं कमरेची पुरचुंडी सोडली. त्यात नेहमीचं चिमूटभर मीठ, मोहरी, दोन मिरच्या होत्या. फेरी तिनं आधीच मारली होती, पहाटे, कुणी नसताना. मूठ जाळाशी नेऊन ती थांबली आणि मला म्हणाली, "एवढं टाकू का?"

मी विचार केला. चिमूटभरानं विटेला काही होत नाही, असं मला वाटतं. पावसालाही काही होत नसावं.

"टाक," मी म्हटलं.

मीठ तडतडलं. मी वहीत ती वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली आणि पुढची जागा कोरी ठेवली.